मॉनिटरला चिकटवलेल्या चिठ्ठ्या

ऑफिसातलं सॉफ्टवेअर सुधारायचं मनात घेतलं असेल, तर पहिल्या दिवशी कॉम्प्युटरला हातसुद्धा लावू नका. सकाळी झाडलोट चालू असताना, कुणी यायच्या आत, सगळ्या टेबलांवरून एक फेरी मारा. मॉनिटरच्या कडेला, कीबोर्डखाली, टेबलाच्या काचेखाली जे कपटे चिकटवलेले असतात ते वाचून वहीत उतरवून घ्या. स्क्रीनवर जे सापडत नाही ते माणूस कागदावर लिहून ठेवतो. कुठलाही सल्लागार यापेक्षा नेमकी यादी देणार नाही.

मी इंजिनिअर नव्हे. बेळगावात शहापूरच्या बाजूला एका सहकारी सोसायटीत सव्वीस वर्षं काढलीत, बी. कॉम. झाल्या झाल्या चिकटले ती तिथंच. रोजकीर्द आणि खतावणी हातानं लिहिण्यापासून सुरुवात केली, त्यामुळं कागदावर काय सोपं होतं आणि स्क्रीनवर तेच काय अवघड झालं, हे दोन्ही बाजूंनी बघितलंय. आमच्याकडं त्या सकाळी अकरा चिठ्ठ्या मिळाल्या. काही मराठीत, दोन कन्नडमध्ये, एक इंग्रजी अक्षरांत लिहिलेली मराठी. "तारीख उलटी टाका." "ओके दोनदा दाबू नका." "पिग्मीचा आकडा टाकून एंटर नाही, टॅब." "मराठी बंद करून मगच पासवर्ड." आणि माझी आवडती, कॅशियरवहिनींची: "कॅन्सल म्हणजे सेव्ह."

शेवटच्या चिठ्ठीवर हसू नका. त्या स्क्रीनवर खरंच तसंच होतं. नोंद आधीच जमा झालेली असायची आणि कॅन्सल दाबलं की फक्त पावतीची खिडकी बंद व्हायची. पाच वर्षं सगळ्यांनी ते पाठ करून काम रेटलं.

दुसरी पायरी शेजारी बसण्याची. एक स्टूल घ्या, वही घ्या, आणि जिभेवर ताबा ठेवा. समोरचा चुकला, अडला, बटण शोधत राहिला, तरी "अहो, वर उजवीकडं बघा की" असं म्हणायचं नाही. म्हटलंत की तुमचा दिवस वाया गेला. वहीत तीन रकाने करा: काय करायचं होतं, हात कुठं थांबला, तोंडातून काय आलं. तिसरा रकाना मला सगळ्यात उपयोगी पडला, कारण माणसं स्क्रीनशी बोलतात. "आता हे काय विचारायलंय?" असं वहिनी म्हणाल्या, की त्या प्रश्नाचे शब्द चुकलेले आहेत असं धरून चालायचं.

किती जणांशेजारी बसायचं? जेकब निल्सन हे सॉफ्टवेअर वापरायला सोपं करायच्या विषयातले जुने जाणकार. त्यांचं म्हणणं असं की पाच जणांना बघितलं तरी मोठ्या अडचणी बहुतेक समोर येतात. आमच्यात काउंटरवरचे मोजून चौघे आणि पिग्मीवाले अण्णा, असे पाच भरले. फक्त सगळे एकाच कामाचे नकोत. आणि मॅनेजरच्या शेजारी शेवटी बसा, कारण मॅनेजरला सगळं येतं असं त्याला वाटत असतं.

वेळ मोजू नका, घड्याळ दिसलं की माणूस बिचकतो. कळा मोजा, म्हणजे कीबोर्डवरची बटणं किती वेळा दाबावी लागतात ते. पिग्मीची एक नोंद टाकायला आमच्याकडं एकोणीस कळा लागत होत्या: खाते प्रकार निवडा, शाखा निवडा, जी एकच आहे, तारीख टाका, जी आजचीच आहे, मग खाते नंबर, मग रक्कम, मग दोन वेळा "हो". पिग्मी म्हणजे आपल्या कर्नाटकाचं लेणं. सिंडिकेट बँकेनं उडुपीत १९२८ साली ती सुरू केली, दारोदार जाऊन रोजची थोडी थोडी रक्कम गोळा करायची. त्यात भरपूर छोट्या नोंदी असणार हे जन्मापासून ठरलेलं आहे. अण्णांच्या यादीत रोज एकशेसाठ नावं. शाखा आणि तारीख आपोआप भरलेली आली, खाते प्रकार नंबरावरूनच ओळखला आणि एक "हो" काढला, तेव्हा सात कळा उरल्या. बारा गुणिले एकशेसाठ, रोज एकोणीसशेवर कळा वाचल्या. वहिनींच्या मनगटाचा पट्टा दिवाळीपर्यंत सुटला. तो यामुळंच सुटला असं मी म्हणणार नाही, पण त्या म्हणतात.

सगळ्यात जास्त मिळणारी जागा हीच: जे मशीनला माहीत आहे ते माणसाला विचारू नका. दिवसातून शंभर वेळा तेच उत्तर येत असेल तर ते आधीच भरून ठेवा आणि बदलायची मुभा द्या.

आता तारीख. "उलटी टाका" या चिठ्ठीच्या मागं कॉम्प्युटर अमेरिकी पद्धतीवर बसवलेला असतो, महिना आधी आणि दिवस नंतर. ४ जुलैची ठेव ७ एप्रिलची होते आणि कुणाला पत्ता लागत नाही. १३ तारखेपासून पुढं मात्र वेगळीच मजा: तेरावा महिना नसतो, म्हणून एक्सेल किंवा फुकट मिळणाऱ्या लिब्रेऑफिसचं कॅल्क ती तारीख समजतच नाही, नुसतं अक्षर म्हणून ठेवतं. ओळखायची खूण सोपी आहे. खरी तारीख रकान्यात उजवीकडं चिकटते, अक्षर झालेली डावीकडं. एका रकान्यात काही तारखा उजवीकडं आणि काही डावीकडं दिसल्या, की उजवीकडच्यांवरसुद्धा विश्वास ठेवू नका, त्यांतल्या काही उलटलेल्या असतात.

उपाय पाच मिनिटांचा. विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमध्ये रीजन उघडा, इंग्लिश इंडिया निवडा. तिथंच अ‍ॅडिशनल सेटिंग्जमध्ये आकड्यांचे स्वल्पविराम लाख-कोटींच्या पद्धतीनं मांडता येतात, एक्सेल तेच उचलतं. लिब्रेऑफिस वापरत असाल तर टूल्स, ऑप्शन्स, मग भाषेच्या विभागात लोकेल, म्हणजे देश-भाषेची निवड, बदला. खाली तारीख कशी ओळखायची त्याचे नमुने लिहायची एक पट्टी असते, तिथं दिवस-महिना हा नमुना घातला की ४-७ एवढंच टाकून चालू वर्षाची तारीख येते. स्वल्पविरामाची गोष्ट किरकोळ वाटेल. आमच्या एका ठेवीदार आजोबांना पावतीवर १,२५०,००० असं छापून दिलं होतं. त्यांनी चष्मा पुसला, परत बघितलं, आणि विचारलं, "बाई, हे एक लाख पंचवीस हजार, की साडेबारा लाख?" साडेबारा लाख रुपये ठेवणाऱ्या माणसाला पावतीवरची शून्यं बोटानं मोजायला लावायची, ही लाजेची गोष्ट होती.

भाषेकडं येते, कारण आमच्या भागात खरी कुस्ती तिथंच आहे. सभासद मराठी बोलतात, जमिनीचा उतारा कन्नडमध्ये निघतो, आधार कार्डावर इंग्रजी स्पेलिंग कुणी काय घातलं असेल त्याचा नेम नाही. एकच माणूस तीन लिप्यांत तीन माणसं होतो. म्हणून पहिला नियम: नावानं शोधायला लावू नका. खाते नंबर किंवा मोबाइलचे शेवटचे चार आकडे टाकून शोधायची सोय मागा. नावानंच शोधायची वेळ आली तर यादीत नावापुढं वडिलांचं नाव आणि गाव दिसलं पाहिजे. "पाटील" टाकल्यावर नुसते चाळीस पाटील आले तर काय उपयोग? येळ्ळूरचे की उचगावचे, हे काउंटरवरची मुलगी तोंडानं विचारतेच ना, मग स्क्रीनवर ते पहिल्याच ओळीत हवं.

जुन्या फायली बघा. वीस वर्षांपूर्वीची पत्रं कुठल्या तरी फॉन्टात असतात, तो फॉन्ट नसला की सगळं इंग्रजी अक्षरांची खिचडी. कन्नड फायलींचंही तेच. नवीन जे काही टाइप कराल ते युनिकोडमध्येच करा, म्हणजे फॉन्ट बदलला तरी अक्षर तेच राहतं, जुनं लागेल तसं बदलून घ्या. सगळं एकदम बदलायला बसू नका, आम्ही बसलो होतो आणि एक पूर्ण मे महिना त्यात गेला.

टायपिंगसाठी मी इनस्क्रिप्ट ही भारतीय भाषांची कीबोर्ड मांडणी शिकवते, आणि तरुण मुलं तोंड वाकडं करतात, कारण त्यांना इंग्रजीतून मराठी टाइप करायची सवय असते. मग मी त्यांना एक गंमत दाखवते. इनस्क्रिप्टमध्ये डावीकडं स्वर आणि उजवीकडं व्यंजनं, आणि भारतीय लिप्यांना मांडणी एकच. मराठीचा क ज्या कळीवर, कन्नडचाही क त्याच कळीवर. ल जिथं, तिथंच शिफ्ट दाबून ळ, दोन्ही भाषांत. एकदा बोटं बसली की भाषा बदला आणि त्याच बोटांनी कन्नड टाइप करा, लिपी वाचता आली म्हणजे झालं. पुण्यातल्या ऑफिसाला याचं फार कौतुक वाटणार नाही. आम्हाला तहसीलदार ऑफिसला पत्र कन्नडमध्ये पाठवायचं असतं, तेव्हा ते अर्ध्या पगाराएवढं वाटतं.

याच्यात एक खोच आहे, तिनं माझे दोन दिवस खाल्ले. "शेतकऱ्यांचे कर्ज" असं शोधलं तर निम्म्या फायली सापडत, निम्म्या सापडत नसत. डोळ्यांना दोन्हीकडचे शब्द अगदी सारखे. शेवटी कळलं की हा ऱ्य दोन रीतींनी काढता येतो: टिंबवाला ऱ वापरून, किंवा साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह घालून. दिसायला एक, मशीनला दोन. ऑफिसात एक रीत ठरवा. आम्ही टिंबवाला ऱ ठरवला, इनस्क्रिप्टमध्ये तो शिफ्ट आणि जे वर आहे. जुन्या फायलींत फाइंड-रिप्लेस करून टाकलं.

आणि ती पासवर्डची चिठ्ठी. कीबोर्ड मराठीवर राहिलेला असतो, पासवर्डच्या जागी नुसते ठिपके दिसतात, तीनदा चुकतं आणि खातं लॉक. सकाळी सव्वादहाला, बाहेर रांग लागलेली असताना. विंडोजच्या टायपिंगच्या प्रगत सेटिंग्जमध्ये प्रत्येक खिडकीसाठी वेगळा कीबोर्ड लक्षात ठेवायची एक टिक आहे. ती लावली की सोसायटीचं सॉफ्टवेअर इंग्रजीत राहतं, पत्राची खिडकी मराठीत. भाषा बदलायला विंडोज आणि स्पेस एकत्र दाबा, माऊस नको. ती चिठ्ठी त्याच दिवशी उतरली.

या रोगाचं मूळ नाव मोड. तीच कळ, पण मशीन कुठल्या अवस्थेत आहे त्यावर तिचा अर्थ बदलतो. कट-कॉपी-पेस्ट रुळवणारा लॅरी टेस्लर जन्मभर या मोडांच्या विरोधात भांडत होता, त्याच्या गाडीच्या नंबरप्लेटवरसुद्धा मोड नको अशा अर्थाची अक्षरं होती. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये खातं बघायची स्क्रीन आणि खातं बदलायची स्क्रीन हुबेहूब सारखी होती, फरक एवढाच की वर कोपऱ्यात बारीक अक्षरांत एक शब्द. बघतोय समजून एका मुलानं जामीनदाराचा पत्ता पुसला. मोड काढून टाकता येत असेल तर उत्तमच. येत नसेल तर तो ओरडून सांगा: बदलायच्या स्क्रीनचा सगळा माथा वेगळ्या रंगाचा करा. आमचा आता कुंकवाच्या रंगाचा आहे.

बटणांवरच्या शब्दांबद्दल माझं मत जरा कडक आहे. "ओके" हा शब्द मी होईल तिथून हाकलला. बटणावर क्रियापद हवं आणि ते काम नेमकं सांगणारं हवं: "पावती छापा", "ठेव मोडा", "मागं जा". "आपण खात्रीपूर्वक पुढे जाऊ इच्छिता काय?" असं विचारलं की दुसऱ्या आठवड्यापासून बोट न वाचता "हो" दाबतं. त्यापेक्षा लगेच मागं घेता येईल अशी सोय बरी. हिशेबात अर्थात सगळं मागं घेता येत नाही, पावती फाडल्यावर उलटी नोंदच टाकावी लागते. मग प्रश्न तेवढ्याच ठिकाणी ठेवा, आणि त्यात रक्कम व नाव लिहा. "ठेव मोडायची? ८५,००० रुपये, मारुती पाटील" असं वाचल्यावर माणूस क्षणभर थांबतो, कारण त्यात त्याच्या कामाचं काहीतरी लिहिलेलं असतं.

दुसऱ्या टोकाला जाऊ नका. मेन्यू मराठीत आणायचा म्हणून कोशातले शब्द आणू नका. आमच्या एका संचालकांनी हौसेनं "मुद्रण" आणि "धारिका" सुचवलं. वहिनी म्हणाल्या, "साहेब, मुद्रण म्हणजे प्रिंटच ना? मग प्रिंटच लिवा की." कॅश, चेक, प्रिंट, सेव्ह राहू देत. ठेव, व्याज, जामीनदार, थकबाकी मराठीत. काउंटरवर जे तोंडात येतं तेच पडद्यावर.

पॅकेज बदलायचे अधिकार नसले तरी स्वतःच्या शीटवर तुम्ही राजे आहात, आणि इथं फार थोड्या लोकांना माहीत असलेली एक युक्ती आहे. एक्सेलमध्ये किंवा कॅल्कमध्ये ज्या चौकटी भरायच्या असतात तेवढ्यांचंच लॉक काढा, मग शीट प्रोटेक्ट करा. झालं. आता टॅब दाबलं की कर्सर फक्त भरायच्या चौकटींतून फिरतो आणि सूत्रं कुणाच्या हातून पुसली जात नाहीत. गावांची नावं व्हॅलिडिटीमध्ये (एक्सेलमध्ये डेटा व्हॅलिडेशन) यादी करून द्या, म्हणजे कुणी "कंग्राळी बुद्रुक" आणि कुणी "कंग्राळी बी. के." लिहून एका गावाची दोन गावं करणार नाही. चूक झाली की दिसणारा निरोपही तिथंच स्वतःच्या शब्दांत लिहिता येतो. "अवैध मूल्य" असं लिहू नका, "यादीतलं गाव निवडा, नसेल तर मला हाक मारा" असं लिहा.

लिब्रेऑफिसमध्ये व्ह्यू मेन्यूत यूजर इंटरफेस म्हणून एक निवड आहे, जुन्या चालीचे टूलबार हवेत की टॅबवाली पट्टी, ते ज्याचं त्यानं ठरवावं. पन्नाशीच्या माणसाला जुनं द्या, पोरांना नवं, एकाच ऑफिसात दोन्ही नांदतात. टूलबारवर रोजची पाचसहा कामं पुढं आणा, पण एकदा मांडली की हलवू नका. हाताला जागा पाठ होते, डोळ्याला नंतर.

अक्षर आणि उजेड यावर थोडकंच. मागच्या पार्श्वभूमीवर अक्षर किती उठून दिसावं याचं वेबसाठी ठरलेलं किमान प्रमाण साडेचारास एक आहे. ते मोजायच्या भानगडीत न पडता दुपारी चार वाजता खिडकीजवळच्या टेबलावर बसून बघा. पांढऱ्यावर फिकट करड्या अक्षरांची जी काही फॅशन आहे ती तिथं टिकत नाही. अक्षर वाढवा, बायफोकल चष्मेवाले मान वर करून वाचतात आणि संध्याकाळी मान धरते.

अण्णांच्या मशीनवरून एक कळलं. त्यांच्या हातातल्या यंत्रावर मोबाइलसारखे १-२-३ वरच्या ओळीत, आणि काउंटरच्या कीबोर्डवर ७-८-९ वर. अण्णा कधी सुट्टीवाल्याच्या जागी काउंटरवर बसले की १ च्या जागी ७ पडायचा. हे काही आपल्याला बदलता येत नाही. पण त्या दिवशी त्यांना वरच्या सरळ ओळीतले आकडे वापरायला सांगता येतं.

थांबण्याबद्दल मात्र सांगायला हवं, कारण "ओके दोनदा दाबू नका" त्यातूनच आली. दाबल्यावर एका सेकंदाच्या आत काही हललं तर विचाराचा धागा तुटत नाही, दहा सेकंद गेले तर लक्ष उडतं, असा याचा जुना आडाखा आहे. मार्चअखेरीला व्याज टाकायला आमच्याकडं चार-पाच मिनिटं लागत आणि तेवढा वेळ स्क्रीन ढिम्म. कुणीही परत दाबणारच. एकदा दोनशेवर खात्यांना व्याज दोनदा लागलं आणि रात्री अकरापर्यंत बसून उलट्या नोंदी केल्या, कुणीतरी गणपत गल्लीतनं वडापाव आणला होता म्हणून निभावलं. मागणी दोनच ठेवा: दाबल्या क्षणी बटण मरायला हवं, आणि किती खाती झाली तो आकडा पळताना दिसायला हवा. काम तेवढ्याच वेळात झालं तरी चालेल.

हे सगळं शेवटी सॉफ्टवेअरवाल्याच्या गळी उतरवायचं असतं. फोनवर "सिस्टिम त्रास द्यायलीय" म्हणालात तर तो "रीस्टार्ट करा मॅडम" म्हणणार. आमच्याकडं येणारा मुलगा हुबळीचा. पहिल्यांदा म्हणाला, "मॅडम, हा ट्रेनिंगचा प्रश्न आहे." मी त्याला अकरा चिठ्ठ्या टेबलावर मांडून दाखवल्या आणि वहिनींच्या शेजारच्या स्टुलावर बसवलं, हात मांडीवर ठेवून. अर्ध्या तासानं तो स्वतःच पुढं वाकून बटण दाखवायला लागला, तेव्हा मी त्याचा हात धरला. मग म्हणाला, "माडतेन्री मॅडम." म्हणजे, करतो हो मॅडम. लेखी देताना एका कागदावर एकच गोष्ट: स्क्रीनचा फोटो, आता किती कळा, हव्यात किती, दिवसात किती वेळा. शेवटचा आकडा असला की ती मागणी वर जाते. अकराच्या अकरा एकदम पाठवू नका, तीन पाठवा.

बदल मार्चमध्ये नको, गणपतीच्या आधीच्या आठवड्यात नको, दसरा-दिवाळीत तर नाहीच. आम्ही जुलै धरला. खानापूरकडनं पाऊस असा लागतो की सकाळी काउंटरला चार माणसं येतात, चुकायला आणि शिकायला भरपूर वेळ मिळतो. जुनी स्क्रीन पंधरा दिवस शेजारी चालू ठेवली. चिठ्ठ्या मी कुणाला काढायला सांगितल्या नाहीत. ऑगस्टमध्ये परत सकाळी फेरी मारली तेव्हा चार उरल्या होत्या, आणि एक नवीन होती, अण्णांच्या अक्षरात: "लाल पट्टी असेल तर आधी अक्काला विचारा." अक्का म्हणजे मी.

स्टूल अजून वहिनींच्या टेबलाशेजारीच आहे. सोमवारी अण्णांकडं न्यायचंय.